दूरदर्शनाचे कोपऱ्यातील फुग्याची बखर

श्री भिंतीस नमन. भिंतीतील चार खिळ्यांस नमन. त्या खिळ्यांवरी जे टांगिले जाते आणि ज्याकडे पाहात अवघे राज्य बसते, त्यास त्रिवार नमन असो.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध तृतीया, ते दिवशी दिवाणखान्याचे हवालदार गोंदजी ढमाले यांणी नव्या दूरदर्शनाचे अंगावरील प्लास्टिक डावे कोपऱ्याकडून चार बोटे उचलिले, आणि मोठी फत्ते जाहली, आणि प्लास्टिकात वाटाण्याएवढा फुगा राहिला. मग दुसरे दिवशी दरबारचा ठराव जाहला की, प्लास्टिक कोणी उचलिले नाही, फत्ते जाहली नाही आणि फुगाही नाही. ठरावावर शिक्का आहे. तरी जी गोष्ट घडलीच नाही ती कोणे रीतीने घडली नाही, हे यथामति लिहितो, ऐकणारांनी सावध ऐकावे आणि मध्ये चहास उठू नये.

राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्य थोर होते. राज्याची रीत अशी की, नवी वस्तू आली म्हणजे तिजवरील प्लास्टिक काढावयाचे नाही. ही रीत राणीसाहेबांनी घालून दिली. पालखीस प्लास्टिक, गाद्यांस प्लास्टिक, नगाऱ्यासही प्लास्टिक, त्यामुळे नगारा वाजविला म्हणजे वाटे की कोणी वेफर्सचा पुडा फोडितो आहे. सिंहासनाचे प्लास्टिक तर महाराजांचे राज्याभिषेकापासून तसेच होते, म्हणोन महाराज बसले की चर्र ऐसा आवाज होई, आणि त्याच आवाजास सभा सुरू जाहली ऐसे समजण्याचा प्रघात पडला होता. यांत कोणास काही गैर दिसत नव्हते.

गोंदजी ढमाले म्हणजे जुना माणूस, पाऊणशे किलो वजनाचा, मिशा पांढऱ्या, आणि तरुणपणी कबड्डीचा नामांकित गडी. त्यांची एकुलती लेक राही. तीस गोंदजींनी स्वतः मैदानात उतरवून खेळ शिकविला, आणि चढाईत दम तुटला की ते तिचा कान धरीत. मग राही मोठी जाहली आणि राज्याचे संघात गेली, आणि तिने आपला एक नेम केला. सामन्यातील पहिल्या चढाईस निघण्याआधी ती आपला कान आपणच धरी. त्याचा अर्थ, आबा, तुम्ही धरण्याआधी मीच धरला. कोणता कान, ते आधी सांगत नसे. सामना संपला की फोन करी आणि पुसे, "आबा, कोणता?" आणि गोंदजींनी सांगावे. एवढेच त्या दोघांचे बोलणे होई, आणि एवढ्यात सगळे येई.

पुढे भाद्रपदात दिवाणखान्यातील जुने दूरदर्शन आजारी पडले. त्याचे डावे अंग हिरवे जाहले आणि उजव्या अंगी माणसे भिजलेल्या पापडासारखी दिसो लागली. अशात राहीचा उपांत्य सामना आला. गोंदजी पडद्यास नाक लावून बसले, परंतु कान दिसेना, हिरव्यात हिरवे काही हलले इतकेच. सायंकाळी फोन आला. "आबा, कोणता?" गोंदजी छातीठोक म्हणाले, "उजवा." मग राही म्हणाली, "बरं. जेवलात का?" आणि फोन ठेविला, आणि पुढे दोन दिवस फोन नाही. जेवलात का, हे राहीने आजवर कधी पुसले नव्हते. गोंदजी समजले. कान डावा होता.

मग गोंदजींनी भर दरबारात विडा उचलिला की, आश्विन शुद्ध तृतीयेस, चार वाजता, सातां समुद्रांपलीकडे अंतिम सामना आहे, त्याचे आत ऐसे दूरदर्शन आणीन की त्यांत माणसाचा कान स्पष्ट दिसेल, नाहीतर हवालदारी सोडीन. महाराज चर्र ऐसे सरसावून बसले आणि म्हणाले, "गोंदजी, आणा. पण मोठं आणा." येणेप्रमाणे आज्ञा जाहली.

आज्ञा होताच दरबारात दोन फळ्या पडल्या. एका फळीचे मुख्य त्रिंबकपंत, हे ओएलईडीचे अभिमानी. त्यांचे म्हणणे, त्या पडद्यातील एकेक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणोन काळे म्हणजे काय ते तेथेच पाहावे. बाकीच्यांचे काळे ते करडे. पंत काळ्याविषयी बोलो लागले म्हणजे त्यांचे डोळ्यांस पाणी येई. दुसरे फळीचे मुख्य आनंदराव सुर्वे, हे मिनी-एलईडीचे. त्यांचे म्हणणे, मागे हजारो बारीक दिवे लाविले आहेत, उजेड ऐसा की दुपारी पडदे न ओढिता चित्र दिसावे. पंत म्हणाले, "काळ्यावर पांढरं अक्षर आलं की तुमच्यात भोवती धुकं पसरतं, आनंदराव. देवाच्या मागं असतं ना, तसं वलय. टूथपेस्टच्या जाहिरातीतली बाई संत दिसते." आनंदराव म्हणाले, "आणि तुमच्यात वाहिनीचा शिक्का वर्षभर एका जागी राहिला की पडद्यावर कायमचा उमटतो म्हणतात. आमची बाई संत होईल, तुमची जाहिरात अमर होईल." ऐसे अकरा दिवस चालले. दोन मुत्सद्दी जेवावयाचे राहिले.

तिकडे दुसरे भांडण तेजाचे पोशाखांवरून माजले. चित्रात उजेड किती आणि अंधार किती, हे पडद्यास सांगणारी जी भाषा, तीस एचडीआर म्हणतात, आणि तिच्या बोली चार. एकीचे नाव एचडीआर-दहा, दुसरीचे दहा-प्लस, तिसरी डॉल्बी व्हिजन, चौथी एचएलजी. चारींचे चार वकील दरबारी उभे राहिले आणि प्रत्येक म्हणे, आमची बोली कळत नाही ते दूरदर्शन नव्हे, तो आरसा. दहाचा वकील म्हणे, मी सर्वांस कळतो. प्लसचा म्हणे, मी प्रत्येक प्रसंगास वेगळा उजेड सांगतो. डॉल्बीचा म्हणे, तेच मी आधीपासून सांगतो आहे. एचएलजीचा बोलत नव्हता, तो म्हणे की मी थेट प्रक्षेपणाचा, माझी वेळ आली की बोलेन, आणि ती वेळ आली नाही. महाराजांनी चौघांसही शाली दिल्या. शालींवरील प्लास्टिक कोणी काढिले नाही.

गोंदजी हे सर्व उभे राहून ऐकत होते. तिथी जवळ येत होती. त्यांणी हात जोडून एकच प्रश्न केला, "सगळं ठीक. यातल्या कोणत्यात कान दिसतो?" कान हा विषय कोणाचेच अभ्यासात नव्हता.

मग गोंदजी स्वतः बाजारात गेले. तेथे एक मोठे दुकान, आत अंधार करून चाळीस दूरदर्शने एका भिंतीस लाविलेली, आणि चाळीसांवर एकच चित्र, मध ओतिला जातो आहे, मग पोपट, मग शाई पाण्यात सुटते, मग पुन्हा मध. विकणारा गृहस्थ विनयाने म्हणाला, "बघा काका, पीस न् पीस दिसतंय." गोंदजी म्हणाले, "दिवे लावा. शटर वर करा. आणि माणसाचा कान दाखवा." तो म्हणाला, "काका, यात कान नाहीये. पोपट आहे." गोंदजींनी तेथेच स्टूल ओढिले आणि बसले. पहिले दिवशी दुकानदाराने चहा दिला. दुसरे दिवशी साहेब आले, त्यांणी हप्त्याची योजना सांगितली, गोंदजी म्हणाले, कान. तिसरे दिवशी गिऱ्हाईके त्यांसच भाव विचारू लागली, तेव्हा दुकान हरले, दिवे लागले, शटर वर गेले, आणि दुपारचे ऊन सगळ्या पडद्यांवर सारखे पडले. मग काय पाहावे, चाळीसांपैकी तिसांत गोंदजींस स्वतःचेच तोंड दिसो लागले. काळे उत्तम होते, त्यात मिशा फार सुरेख दिसत. पोपट मात्र दिसेना.

तेथून गोंदजी केबलवाला रघू याजकडे गेले, हा राज्यास वाहिन्या पुरविणारा. त्यास पुसिले की, तृतीयेचा सामना चारांपैकी कोणत्या बोलीत येणार. रघू तारेचे वेटोळे खांद्यावरून न उतरविता म्हणाला, "हवालदार, साध्यात येतो तो. एचडीआर-बिचडीआर काही नाही. आपला बॉक्सच जुना आहे." ही खबर दरबारी गेली, तेव्हा चारी वकिलांनी आपसात ठरवून भांडण पुढे सुरू ठेविले, कारण शाली मिळाल्या होत्या.

परंतु गोंदजींचे डोक्यात लख्ख जाहले. बोली येणारच नाही तर बोलीसाठी लढणे काय. काळे पाहावयाचे नाही, अंधारातील खेळ नव्हे. दिवाणखान्यास पश्चिमेकडे अकरा खिडक्या, आणि पडदे ओढण्याची मनाई, कारण मागे एकदा ओढिला तो दांडीसुद्धा परराज्याचे वकिलाचे अंगावर आला होता. वेळ दुपारी चारची. म्हणजे शत्रू एकच, ऊन. मग त्यांणी उजेडाने जबर आणि ज्याचा पृष्ठभाग झळाळत नाही ऐसा मिनी-एलईडी पसंत केला. आनंदरावांनी पेढे वाटिले. त्रिंबकपंत खांबास टेकून बसले, तेव्हा त्यांची समजूत म्हणोन जाहिराती लागल्यावर आवाज बंद करण्याचा वंशपरंपरा हक्क त्यांस देण्यात आला.

तृतीयेस दोन प्रहरी दूरदर्शन आले, आठ माणसांनी खिळ्यांवरी चढविले, आणि लाविले. गोंदजींचा चेहरा उतरला. पडद्यावर प्लास्टिक होते. प्लास्टिकास सुरकुत्या होत्या, आणि एकेका सुरकुतीत अकरा अकरा खिडक्या चमकत होत्या, आणि डावे खालचे कोपऱ्यात प्लास्टिकावरच वीतभर रुंद चिकटपट्टी होती, तीवर चारी बोलींची नावे सोनेरी अक्षरांत लिहिली होती. जो उजेड निवडण्यास महिना गेला, तो प्लास्टिकामागे दुधात पडल्यासारखा जाहला.

गोंदजी राणीसाहेबांपुढे गेले आणि अर्ज केला. राणीसाहेब शांतपणे म्हणाल्या, "गोंदजी, आजच आलंय. खंडेनवमीला पूजा होऊ दे, माळ घालू, मग बघू." गोंदजी म्हणाले, "सामना चारला आहे, राणीसाहेब." राणीसाहेब म्हणाल्या, "मग दिसतंय की. हलतंय सगळं." आणि महाराजांकडे पाहिले. महाराज सिंहासनावर किंचित हलले, चर्र जाहले, आणि तोच हुकूम समजण्यात आला.

चार वाजले. दोन्ही संघ मैदानात आले. दुधाळ पडद्यावर चौदा डाग धावू लागले. पहिली चढाई राहीची, ऐसे सामना सांगणाऱ्याने सांगितले, आणि राही आपले अंगणात उभी राहिली ती नेमकी डावे खालचे कोपऱ्यात, चिकटपट्टीचे मागे. तिचे पाय दिसत होते. पायांचे वर दहा-प्लस होते. गोंदजींनी एकवार सभेकडे पाहिले. एकवार दाराकडे पाहिले. मग खांद्यावरचा पंचा काढिला, धूळ पुसतो ऐसे दाखवीत पडद्यापाशी गेले, आणि अंगठ्याचे नख कोपऱ्यात घातिले. नख आत शिरले. अवघ्या राज्यात तो आवाज ऐको आला, कारण तो आवाज त्या राज्यात कोणी कधी ऐकिला नव्हता. राणीसाहेब उभ्या राहिल्या. त्रिंबकपंतांनी, काही सुचेना म्हणोन, आवाज बंद केला. गोंदजींनी चार बोटे प्लास्टिक उचलिले, त्या फटीला डोळा लाविला, आणि पाहिले. पाहून प्लास्टिक पूर्ववत दाबिले, पंच्याने पुसिले, आणि जागेवर येऊन बसले. सगळे मिळोन चार पळे लागली. फुगा राहिला.

सामना राज्याने जिंकिला, परंतु गोंदजी पुढचे काही पाहात नव्हते. सायंकाळी फोन वाजला. सभा बसलेली, राणीसाहेब पुढे, आणि फुगा सर्वांसमक्ष. राही म्हणाली, "आबा, कोणता?"

गोंदजी म्हणाले, "दोन्ही."

मग राही म्हणाली, "मला वाटलं, या वेळीही तुम्ही अंदाजच मारणार. म्हणून दोन्ही धरले." गोंदजी म्हणाले, "पोरी, दोन्ही हात कानांवर, तर चढाईला तोल कसा धरलास?" ती म्हणाली, "पडले नाही ना?" मग तिने जेवणाचे पुसिले नाही, आणि गोंदजींनीही नाही, आणि फोन संपला. महाराज हलले नाहीत, म्हणोन हुकूमही निघाला नाही.

दुसरे दिवशी राणीसाहेबांनी फुगा जवळून पाहिला, आणि गुन्हा मोठा, पण शिक्षा द्यावी तर प्लास्टिक निघते हे राज्यास कळेल, म्हणोन वर लिहिला तो ठराव करविला. तात्पर्य इतकेच की, बोली चार होत्या, फळ्या दोन, पडदा एक आणि कान दोन, पैकी कानांचा निकाल लागला, बाकी प्रकरणे चालू आहेत. खंडेनवमीस दूरदर्शनास झेंडूची माळ पडली. प्लास्टिक दिवाळीपर्यंत राहिले, दिवाळीस पाडव्यापर्यंत, आणि पाडव्यास पुढील आज्ञा होईपर्यंत.

विज्ञापना ऐसी जे, सेवेसी दिवाणखान्याचा हवालदार गोंदजी ढमाले याचा साष्टांग नमस्कार. पुढील हंगामाचे आधी दूरदर्शनावरील प्लास्टिक काढण्याची परवानगी व्हावी. अवघे न जमल्यास डावा खालचा कोपरा, वीतभर. तेही न जमल्यास, जो फुगा नाही ऐसा ठराव आहे, तो थोडा मोठा करण्याची आज्ञा व्हावी. अर्जाची नक्कल सोबत जोडिली आहे. खराब होऊ नये म्हणोन प्लास्टिकात घातिली आहे.