मधला चौकोन

प्रज्ञेशला पुण्याहून येऊन दोनच दिवस झाले होते आणि तेवढ्यात घरचा फोन सतरा वेळा वाजला. डोंगरकड्यासारख्या खेड्यात फोन सतरा वेळा वाजतो म्हणजे एक तर कुणी गेलं, नाही तर काहीतरी शिजतंय. कुणी गेलेलं नव्हतं. म्हणून त्याच्या वडिलांनी, किशनरावांनी, फोनशेजारीच बाज टाकली आणि पेपर उघडला. तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. पाकीट न फोडता मजकूर ओळखायची सवय काही रिटायर होत नाही.

धाकटा प्रज्ञेश फोनवर कुण्या साहेबाला सांगत होता, "सगळं एकाच जागी कोंबलंय, म्हणून रोज भांडण. ज्याचं त्याला वेगळं काढून देऊ. सगळ्यांचं आहे तेवढंच मधे ठेवू."

वेगळं! किशनरावांच्या मनात पाल चुकचुकली. गल्लीत घरोघर वाटण्या झाल्या, पण त्यांचं घर एका चुलीवर होतं आणि हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दुपारी पोरगं झोपल्यावर त्यांनी त्याचे कागद, उडतील म्हणून, उचलले. इंग्रजी फारसं कळेना, पण चौकोन कळले. कडेला तीन, मधे एक मोठा. घरातही तीन खोल्या आणि एक माजघर. आणखी काय पुरावा पाहिजे? त्यात संध्याकाळी ऐकलं, "ते जुनं किती दिवस सांभाळायचं? पुढल्या वर्षी काढून टाकू." जुनं म्हणजे कोण, हे किशनरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. बायकोला, पद्माबाईंना, सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तुमी आदी कान साफ करा. फार लागलं ते त्यांच्या मनाला.

दुसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "मला समदं ठाऊक हाय. या घरातून कोन वेगळं निघून राहिलं, त्यानंच सांगावं."

प्रज्ञेश आमटी ओरपत राहिला. थोरल्या प्रमोदचा घास मात्र हातातच थांबला.

"बाबा, वसमतला जागा नुसती पाह्यली. इसार न्हाई दिला अजून. करुणानं सांगितलं काय तुमाला?"

चुलीपाशी पद्माबाईंची भाकर करपली. दोन दिवस पाळत ठेवली एकावर आणि निघाला दुसराच. गोंधळलेल्या किशनरावांनी खिशातून कागद काढून प्रज्ञेशपुढे धरला, "मंग हे काहून?"

प्रज्ञेशने समजावलं. हे हापिसचं काम. एकच प्रोग्राम तीन जातींच्या कॉम्प्युटरवर चालवायचा. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम निराळी, म्हणून प्रत्येकासाठी थोडा कोडही निराळा. तो सगळा एकात एक मिसळला होता. एकाचं नीट केलं की दुसऱ्याचं बिघडायचं. आता ज्याचा त्याचा कप्पा वेगळा आणि सगळ्यांना लागतं ते मधे. जुनं म्हणजे त्यातली जुनी सिस्टीम. किशनरावांना लगेच कळलं, टपालाचे कप्पे असेच असत.

"आन् एवढं वेगळं काढूनबी ते एकच राहते काय?"

"मधलं राह्यलं तर राहते, बाबा."

किशनरावांचे डोळे भरून आले. पेन्सिल मागून त्यांनी मधल्या चौकोनात लिहिलं, 'चूल'. कागद प्रमोदकडे सरकवला. "घे वसमतला जागा. पन चूल इथंच. मधी. सगळ्यांची."

भाकरी वाढता वाढता प्रमोदची बायको करुणा थांबली. "व्हय, बाबा. पन मधल्यात रोज राबायचं कोनी?"

किशनरावांनी आशेने प्रज्ञेशकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"हापिसातूनबी त्याच्याचसाठी फोन येऊन राहिलेत, बाबा."