मंडळींत मगर नको

आमच्या शेजारचे देवरे नाना रोज संध्याकाळी एस्पेरांतोत गप्पा मारायचे. जगात कोणालाही कोणाशी बोलता यावं म्हणून एका भल्या माणसाने मुद्दाम तयार केलेली ही भाषा. नाना ती पोस्टाने शिकले. अख्ख्या सुरतेत ती बोलणारं दुसरं कुणी त्यांना सापडलं नव्हतं, हा भाग वेगळा! भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. एक वाक्य बोलायचे, समोरच्याला वेळ द्यावा तसे थांबायचे, मग पुढचं. आमचे हे म्हणायचे, "नाना बँकेतून सुटताना डोकं तिथेच विसरतात वाटतं."

भाषेपेक्षाही नानांना तिच्या रीतीभाती प्याऱ्या. नवख्याशी सावकाश बोलावं. त्याने विचारल्याशिवाय त्याची चूक काढू नये. आणि मंडळींत बसून आपलीच घरची भाषा हाणणाऱ्याला तिथे म्हणे 'मगर' म्हणतात! ही रीत नानांनी परस्पर आमच्या कतारगामच्या बिल्डिंगला लावून टाकली. त्यांचं म्हणणं एकच, "समोर बसलेल्याला कळलं पाहिजे."

एकदा दूधवाल्यासमोर मी ह्यांना मराठीत म्हटलं, "पाणी किती घालतो मेला!" जिन्यातून नाना कडाडले, "मगर! मगर!" आणि माझं वाक्य त्यांनी दूधवाल्याला अगदी अदबीने गुजरातीत सांगितलं. 'मेला'सकट! पुढे आठवडाभर मी डेअरीपर्यंत पायपीट केली आणि नानांच्या नावाने बोटं मोडली.

त्या हिवाळ्यात पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये यंत्र बसवायला हंगेरीचा इंजिनिअर आला. त्याला एस्पेरांतो येते, हे नानांना कुठून कळलं देव जाणे. जायच्या आदल्या संध्याकाळी तो जेवायला येतो म्हणाला. नाना दिवसभर आतबाहेर करत होते. मला म्हणाले, "वहिनी, आजवर पत्रंच लिहिली हो. ही भाषा येणाऱ्या माणसाशी तोंडाने कधी बोललोच नाही." मला दुधाचा राग विसरायला झालं.

पाहुणा आला आणि थोड्याच वेळात नानांच्या सौभाग्यवती, सुमनताई, आमच्याकडे हजर.

"अगंबाई, पाहुण्याला टाकून?"

"मी बसले ना, की हे एकेक वाक्य मला मराठीत सांगत बसतात. तो बिचारा ताटकळतो. एकच तर संध्याकाळ आहे. बोलू देत पोटभर."

तेवढ्यात दारात नाना, मागे उंचापुरा पाहुणा.

"अगं, चल ना."

"अहो, माझ्यापायी तुमचं बोलणं अर्धं होतंय. मला कुठे कळतं त्यातलं?"

नानांचा आवाज एकदम खाली आला. "इतकी वर्षं रोज समोर बसून ऐकलंस, एक अक्षर कळत नसताना. आणि आज कळेल, तर उठून आलीस?"

म्हणजे भिंतीपलीकडे नाना एकटे नसायचे! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुमनताई पदर सावरत उठल्या. नाना पाहुण्याला त्या भाषेत काहीतरी म्हणाले, आणि लगेच बायकोकडे वळले.

"मी म्हटलं, ही आली. आता बोलू या."