सत्तेचाळीस नंबरची तक्रार

मी आज जो काही आहे तो दत्ताराम सुर्वे यांच्यामुळे. आणि याच सुर्वेसरांनी माझं एक काम नऊ वेळा परत पाठवलं.

सर इथे आखातात, सोहारच्या आमच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर. पण त्यांचा खरा संसार म्हणजे जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक सॉफ्टवेअर. फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला. कुणीही तक्रार नोंदवावी, कुणीही दुरुस्ती करून पाठवावी. त्या दुरुस्तीला म्हणतात पॅच. तो घ्यायचा की नाही, हे ठरवणार सर.

त्यामुळे जगात कुणीही कुरकुरलं की सर म्हणत, "तक्रार ऐकली. पॅच पाठवा." एकदा मेसमध्ये मी म्हणालो, आमटीत मीठ जास्त आहे. सरांनी ठरलेलं उत्तर दिलं. आचारी कुट्टीने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून शेगडीपाशी उभं केलं. "यल्ला, चल पाटील, पॅच!" त्या दिवशी साठ माणसांनी माझी आमटी खाल्ली. नंतर महिनाभर मिठाविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही.

मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांनी मखराला पिवळा पडदा ठरवला. सर उठले. "चर्चा कुठे झाली? हरकतींसाठी आठवडाभर खुलं ठेवा."

"अहो सुर्वे, गणपती परवा आहेत!"

"मग यंदा पडदा नाही."

खरंच नव्हता.

मी मंगळवेढ्याचा, घरातला पहिला पदवीधर, इथे स्टोअरमध्ये क्लार्क. दर शुक्रवारी सकाळी सर मला शेजारी बसवून कोड वाचायला लावत. "नाही समजलं तर विचार. लाजलास की खलास!" दोन वर्षांत मला ते येऊ लागलं. मग इकडच्याच बौशर शहरातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरची जागा निघाली. अट एकच : खुल्या प्रकल्पात स्वीकारलं गेलेलं एक तरी काम दाखवा.

मी सगळ्यात जुनी तक्रार निवडली. नंबर सत्तेचाळीस : तक्त्याची शेवटची ओळ गायब होते. सहा वर्षं पडून होती. मी दोन दिवसांत सोडवली.

सरांनी पॅच परत पाठवला. "टीप अपुरी." मी टीप वाढवली. "टीप फार लांब." मग कोडमधली नावं चुकीची, मग मोकळ्या जागा जास्त. असं नऊ वेळा. अर्जाची मुदत चार दिवसांवर आली.

तेव्हा चिडून मी त्या तक्रारीखालची सगळी चर्चा वाचून काढली. तक्रार नोंदवणारे होते नाईक. त्यांनी आणि सरांनी मिळूनच सीब गावातल्या एका खोलीत हे सॉफ्टवेअर सुरू केलं होतं. पुढे कंपन्यांना हा कोड घेऊन कुलूपबंद विकू द्यायचा का, यावर भांडण झालं. नाईक हो म्हणाले, सर नाही. नाईकांनी कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. फोन बंद, भेटी बंद. चालू होती फक्त ही तक्रार.

"सुर्व्या, वर्ष झालं. झोपलास का?"

"तुझ्या चुलीवर तरी शिजली का ती ओळ?"

"केव्हाच. तुझा गुडघा काय म्हणतो?"

"सूज उतरली. विषयाबाहेरचं इथे लिहू नये."

"मुलीचं लग्न ठरलं. विषयाबाहेरचं आहे, तरी सांगतो."

"अभिनंदन. ओळीचं बघतो."

पॅच स्वीकारला की तक्रार बंद होते, आणि आमच्या नियमाप्रमाणे बंद तक्रारीखाली पुन्हा कुणाला लिहिता येत नाही.

मी सरांना पत्र लिहिलं :

"आदरणीय सर, सा. न.

नोकरीसाठी मी एकावन्न नंबरची तक्रार घेतो. तिच्याखाली कुणी काही लिहीत नाही. पॅच सोबत जोडला आहे. मुदत गुरुवारपर्यंत आहे, तेवढं पाहावं.

सत्तेचाळीसवरचा पॅच मात्र मागे घेतो. आपण म्हणता ते खरं, त्यात चुका आहेत. काल नीट पाहिलं तेव्हा आणखी बऱ्याच सापडल्या. सगळ्या दुरुस्त करायला मला खूप वर्षं लागतील.

आपला,
संजय पाटील"