घरगुती कलम

मावशीने ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुलाबाची फांदी पुढे केली, तेव्हा कुलूपसाहेबांच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला. साहेब रोपतपासणी खात्याचे उपसंचालक. सीमेवरून एक पानही आत येऊ देत नाहीत, म्हणून हाताखालच्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं.

"मावशी, हे नेता येत नाही. नियम आहे."

"कसला नियम? परवापर्यंत तर इथल्या नाक्यावर नेऊ देत होते."

"कालच बदलला."

"कोणी?"

साहेबांनी बशीतलं बिस्किट उचलून चहात बुडवलं.

दोन्ही देशांचे शेतीचे नियम एकसारखे करायच्या बैठकीसाठी ते सीमेपलीकडे आले होते. इथल्या कायद्यात घरच्यापुरत्या, माती झटकलेल्या दोन-चार फांद्या नेण्याची सवलत होती. साहेबांच्या देशात ती नव्हती. ती टिकावी म्हणून इथल्या अधिकारी बाई शेवटपर्यंत भांडल्या. "आपली माणसं एकमेकांकडे जातात-येतात हो," त्या म्हणाल्या. "कीडही जाते-येते," साहेब म्हणाले. सगळे हसले आणि ते कलम खोडलं गेलं. स्वतःचा तो विनोद साहेबांना रात्रभर आवडत राहिला होता.

"तुझ्या आईने लग्नाआधी लावलेलं झाड आहे," मावशी म्हणाली. "आता तिला इथवर येववत नाही. निदान फांदी तरी जाऊ दे तिच्याकडे."

साहेबांनी फांदी घेतली. हॉटेलवर येऊन ती पायमोज्यात घातली, मोजा बुटात आणि बूट बॅगेच्या तळाशी. आजवर पकडलेल्या बहुतेकांनी हीच जागा शोधली होती, हे त्यांना बॅगेची चेन ओढल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सीमेवरच्या नाक्यावर दोन्ही देशांच्या एकत्र तपासणी खिडकीचं उद्घाटन होतं. फीत कापून झाल्यावर फोटोवाले म्हणाले, "नुसती फीत काय, तपासणी करून दाखवा की." पण बॅग आणायची कोणाची? उद्घाटनासाठी नाका सकाळपासून बंद ठेवलेला, प्रवासी एकही नाही. साहेबांच्याच खात्याचे सचिव कौतुकाने म्हणाले, "आमच्या साहेबांची घ्या. नियम त्यांचा, सुरुवातही त्यांच्यापासून."

"माझ्या बॅगेत मळके कपडे आहेत," साहेब म्हणाले.

"मग तर अगदी खरं वाटेल."

बैठकीतल्या त्याच अधिकारी बाईंनी हातमोजे चढवले. शर्ट निघाले, टॉवेल निघाला, बूट निघाले. मोज्यातून हिरवी फांदी बाहेर आली तेव्हा साहेबांना स्वतःचे कान तापलेले कळले. बाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि फांदी उंच धरली.

"लोक कुठे लपवतात ते साहेबांनी मुद्दाम करून दाखवलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शरमेने साहेबांना तिथे उभं राहवेना. "नाही हो," ते कसेबसे म्हणाले, "मी खरंच नेत होतो. मावशीने आईसाठी दिली होती."

आता तर हशा पिकला. "हुबेहूब असंच बोलतात," सचिव डोळे पुसत म्हणाले. "आई काय, मावशी काय. आणि चेहरा तर बघा त्यांचा."

नियमाप्रमाणे फांदी जप्त माल जाळायच्या भट्टीत गेली. ती साहेबांनीच टाकली. फोटो नीट आला नाही म्हणून दुसऱ्यांदा नुसता हात हलवावा लागला.

घरी त्यांनी आईला सगळं सांगितलं. खरं मानणारी ती एकटीच निघाली.

"जाळलीस?"

"हो."

"नियम कोणाचा?"

"माझा."

आईने पाणी आणून दिलं, पंखा लावला. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या बैठकीत साहेब उभे राहिले. "घरगुती फांद्यांचं कलम परत घालावं. मी उगाच हट्ट केला होता," ते खाली बघत म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. "मला आनंदच झाला असता. पण आमच्या वरिष्ठांनी तुमचं प्रात्यक्षिक पाहिलं. तुमचंच बरोबर होतं, अशी त्यांची खात्री पटलीय. आता सगळ्या प्रवाशांचे बूट तपासावेत, असं नवं कलम त्यांनी पाठवलंय."

मत घेतलं गेलं. नव्या कलमाच्या विरोधात दोनच हात वर झाले, प्रत्येक देशाचा एक.