मोडेन पण वाकणार नाही, अर्थात फाटेशिंग्यांचा बाणा

एका जंगलात एकही झाड नव्हतं. हसू नका, मुलांनो. गोष्ट अमेरिकेतली आहे, तिकडे असलं चालतं. नजर पोचेल तिथवर नुसतं गवत, आणि त्या गवतात फाटेशिंग्यांचा कळप राहत असे. शिंगाला मध्येच फाटा फुटलेला, म्हणून फाटेशिंगे. दिसायला हरणासारखे, पण हरीण म्हटलेलं त्यांना खपत नसे.

हे फाटेशिंगे पळायचे म्हणजे काय पळायचे! छाती भात्यासारखी. डोळे एवढे मोठे, की पलीकडच्या टेकडीवर कोण हललं ते इकडून दिसे. फार पूर्वी त्या रानात एक चित्ता होता. त्याच्या भीतीनं पिढ्यान्‌पिढ्या पळून ही तब्येत कमावलेली. पुढे चित्ता मेला, त्याचा वंशही बुडाला.

कळपाचे प्रमुख धावजीराव म्हणत, "मेला म्हणून काय झालं? गाफील राहून चालेल का?"

मग रोज सकाळी ते ढुंगणावरचे पांढरे केस फुलवून इशारा देत, की कळप सुसाट. कुणापासून पळतोय, असं विचारणाऱ्याला कळपबुडवा म्हणत.

एके वर्षी माणसांनी रानाच्या मधोमध काटेरी तारेचं कुंपण घातलं. फाटेशिंग्यांना उडी मारणं ठाऊक नव्हतं. सपाट गवतात बिचाऱ्यांनी उडी मारायची तरी कशावरून?

हिवाळा आला. बर्फानं अलीकडचं गवत गिळलं. पलीकडच्या उतारावर वारा बर्फ टिकू देत नसे, तिथे खायला झुडपं होती. कळप दरवर्षी तिकडेच जाई. यंदा तारेपाशी येऊन थांबला.

धावजीरावांनी लगेच भाषण केलं. आपल्या वेगापुढे तार काय चीज आहे, असं त्यांचं म्हणणं. कळप तारेच्या कडेनं जोरात पळून आला. तार होती तिथेच होती.

कळपात चंद्राक्का नावाची एक मादी होती. तिची दोन पिल्लं, एक मुलगा नि एक मुलगी, भुकेनं लटपटत होती. तिनं सगळ्यात खालची तार नीट पाहिली. गुडघे टेकले, पोट जमिनीला लावलं आणि सरपटत पलीकडे गेली. पाठीचे केस तेवढे काट्यांना राहिले.

"आक्का, शोभतं का हे?" धावजीराव म्हणाले. "गुडघे टेकलेत तुम्ही. आणि तेवढ्यात चित्ता आला असता म्हणजे?"

"चित्ता मेलाय, भाऊजी. माझी पोरं अजून जिवंत आहेत. या रे बाळांनो, डोकं खाली घाला."

पिल्लं सुखरूप गेली. धावजीरावांनी तिकडे पाठ फिरवली आणि टेकडीवर नजर लावली, चित्त्यासाठी. मग काय, त्यांच्या पाठीमागे एकेक जण गुपचूप सरपटला. शेवटी धावजीराव एकटेच उरले. ते गोठले तेव्हाही त्यांची नजर टेकडीवरच होती.

वसंतात पलीकडे शोकसभा झाली. धावजीरावांमुळे चित्त्यानं एकालाही खाल्लं नाही, हे सर्वांनी मान्य केलं. मग एकमतानं ठरलं, की त्यांच्या नेतृत्वाखाली कळपानं तारेवरून झेप घेतली. सगळ्यांच्या पाठी सोललेल्या होत्या, म्हणून सगळे तोंडाला तोंड करून उभे होते.

"अहो, आपण पोटावर सरपटलो की," चंद्राक्का म्हणाली.

"आक्का, वय झालं तुमचं. गवत खा," सभा म्हणाली.

तिची पिल्लं ऐकत होती. मुलाला झेपेची गोष्ट फार आवडली. पोरांना शौर्य आवडतंच, त्यात त्याचा काय दोष?

उन्हाळ्यात माणसांनी गुरांसाठी फाटक उघडलं, तेव्हा कळप मुकाट्यानं त्यातून परतला. थंडी आली आणि फाटक बंद झालं. पुन्हा बर्फ, पुन्हा तीच तार. कसं जायचं ते प्रत्येकाला ठाऊक होतं. पण झेप घेणाऱ्यांच्या कळपात आधी गुडघे टेकायचे कुणी?

चंद्राक्कानं टेकले. ती पलीकडे गेली, मागोमाग मुलगीही गेली.

"ये रे राजा," तिनं मुलाला हाक मारली.

मुलगा मान ताठ करून उभा होता. त्याच्या पापण्यांवर बर्फ साचू लागला होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "सगळे बघताहेत."

तात्पर्य : 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा फार थोर आहे. मुलांना तो लहानपणीच शिकवावा. एकदा मोडलं, की वाकायचा प्रश्नच उरत नाही.