गाडी कोण चालवणार?

गाडी शिकणं हे काही मोठं काम नाही, असं माझं ठाम मत होतं. चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. ज्या हातांनी तिळाएवढे स्क्रू बसवले, त्यांना परातीएवढं चाक फिरवायला कितीसा वेळ लागणार? शिवाय अनुभव दांडगा. आमची गाडी कायम बायको चालवायची आणि मी शेजारी बसून सूचना द्यायचो. एकतीस वर्षं. त्या सूचना ऐकल्या नाहीत म्हणूनच आपण सुखरूप आहोत, असं ती म्हणायची.

ती जाऊन सव्वा वर्ष झालं.

गाडी शिकायला घेतली ती पोरीसाठी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला तिचा एक विषय राहिला. आई गेली त्याच महिन्यात पेपर होते. पुढच्या खेपेलाही राहिला. मग तिनं पुस्तकं माळ्यावर टाकली आणि औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली.

"आता डोक्यात शिरत नाही, बाबा. वय झालं माझं."

वय चोवीस.

"मी चौसष्टाव्या वर्षी गाडी शिकून दाखवतो," मी म्हणालो. "लायसन्स मिळालं की तू परीक्षेचा फॉर्म भरायचा. बोल."

"आणि नाही मिळालं तर?"

"तो प्रश्नच येत नाही."

शिकवायला तीच. दोन महिन्यांत मी घराचं फाटक दोनदा वाकवलं आणि दोनदा स्वतःच सरळ केलं, म्हणजे त्यातूनही शिकलोच.

"बाबा, ब्रेक!"

"दाबलाय."

"तो क्लच आहे."

माझ्या परीक्षेचा दिवस आला. तिच्या फॉर्मची शेवटची तारीखही तीच. पोरीनं गाडी मैदानावर आणून लावली, उतरली आणि लांब कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. मी पट्टा लावून, कागद मांडीवर घेऊन तयार. परीक्षक आले, खिडकीत वाकले.

"गाडी कोण चालवणार?"

"ती येतेय," मी म्हणालो.

अगदी सहज तोंडातून गेलं. पार्किंगवाल्यांना मी इतकी वर्षं हेच उत्तर देत आलो होतो.

परीक्षकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मीही बघितलं. दोन मिनिटं मागे होतं, तसं त्यांना सांगितलंही.

"किती वेळ लागेल त्यांना?"

"किल्ली शोधत असेल. पर्समध्ये लवकर सापडत नाही तिला."

किल्ली गाडीलाच होती. परीक्षकांनी आधी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कुंपणाकडे बघून हाक मारली, "ओ ताई, या लवकर. तुमच्यामुळे रांग खोळंबलीय."

पोरगी पळत आली. "मी नाही हो. परीक्षा बाबांची आहे."

"हे तर म्हणतात, ती येतेय."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मग कुठे माझ्या लक्षात आलं, मी कुठल्या सीटवर बसलोय ते. आणि कुणाची वाट बघत होतो, तेही.

मग परीक्षकांनीच पलीकडचं दार उघडून धरलं. "काका, इकडून बसा. सावकाश होऊ द्या."

आता सावकाश कसलं? गाडी मागच्या मागे सुटली. दोन लाल शंकू आडवे झाले, तिसरा गाडीखाली अडकून मैदानभर आमच्याबरोबर फिरला. गडबडीत वायपर चालू झाले, ते बंद होईनात. शेजारी बसून परीक्षक "हळू, हळू, डावीकडे" सांगत होते आणि मी त्यांचं एक अक्षर ऐकत नव्हतो. बायकोची बाजू मला तेव्हा पहिल्यांदा पटली.

नापास.

परतताना गाडी पोरीनं घेतली. मी म्हणालो, "हरलो मी. बोललो ते बोललो. नको भरू फॉर्म."

"पुढची तारीख कधी दिलीय तुम्हाला?"

"एकवीस दिवसांनी."

"परत जाणार? त्याच माणसासमोर?"

"मग काय. तोवर तो शंकू निघेल."

गाडी घराच्या वळणाला वळली नाही, तिच्या कॉलेजच्या दारात थांबली. फॉर्मची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना ती आत गेली आणि फॉर्म भरून आली.

माझी छाती फुगली. बापाचा आदर्श वाया गेला नव्हता. "माझ्याकडे बघूनच भरलास ना?"

"हो, बाबा," ती पट्टा लावत म्हणाली. "म्हटलं, पेपर येवो न येवो, बसायचं कुठे ते तरी मला कळतं."