सर्व्हरवर नोटीस डकवली

सोलापुरातल्या भवानी पेठेतील दाखला पडताळणी कक्षात तळमजल्यावरचा संगणक पहिल्या मजल्यावरच्या सर्व्हरशी बोलेनासा झाला. संगणक नवा, मार्चअखेरीस घाईघाईने घेतलेला. सर्व्हर चौदा वर्षांचा आणि अनुभवी. दाखल्यावर सही सर्व्हरवरूनच उमटत असल्यामुळे दोघांत सुरक्षित जोडणी आवश्यक होती. पडद्यावर मात्र रोज तोच संदेश येई: उभयतांना मान्य अशी कुलूपकिल्लीची एकही पद्धत सापडली नाही, संपर्क तोडला.

मोहोळच्या बनाबाई लेकीला घेऊन तिच्या रहिवासी दाखल्यासाठी तीन दिवस खिडकीशी उभ्या होत्या. इंद्रायणीचा नर्सिंगला नंबर लागला होता.

"शुक्रवारी पाचपतुर कागद द्यायचा हाय, सायेब. न्हायतर पोरीची सीट जाती की."

"बसा," कक्ष अधिकारी एकनाथराव म्हणाले. बसायला जागा नव्हती.

कंत्राटी ऑपरेटर शिवराजने निदान केलं. "साहेब, सर्व्हरला जुन्याच पद्धती येतात आणि नवा संगणक त्या असुरक्षित म्हणून नाकारतो. खरं तर सर्व्हर बदलायला पाहिजे. तोवर ह्या एका सर्व्हरपुरती जुनी पद्धत चालवून घ्यायची, अशी एक ओळ टाकतो. दोन मिनिटांचं काम हाय."

दोन मिनिटांच्या कामावर साहेबांचा विश्वास नव्हता. त्यांनी संदेश पुन्हा वाचला. "उभयता म्हणजे दोन पक्ष आले. मान्य नाही म्हणजे वाद आला. एकाचंच ऐकून ओळ टाकली तर नैसर्गिक न्यायाचं काय? सुनावणी लावा."

बुधवारी सर्व्हरच्या नावे नोटीस निघाली. तो ती स्वीकारत नसल्याने दोन पंचांसमक्ष त्याच्या अंगावर डकवण्यात आली. ती नेमकी पंख्याच्या जाळीवर बसली. गुरुवारी सकाळी सर्व्हर तापून बंद पडला आणि सुनावणीच्या कागदावर 'प्रतिवादी गैरहजर' असा शेरा पडला.

दुपारी साहेबांचा भाचा अथर्व आला. त्यालाही दाखलाच हवा होता. साहेबांनी नोटीस सोलून काढायला लावली, सर्व्हर गार होऊ दिला आणि शिवराजला बोलावलं. "ती तुझी ओळ टाक. चाचणी म्हणून."

जोडणी झाली. अथर्वचा दाखला सहीसकट बाहेर आला.

"चाचणी यशस्वी. आता ओळ काढून टाक, असुरक्षित आहे."

"सायेब," बनाबाई खिडकीतून म्हणाल्या, "आमची बी चाचणी करा की."

"बाई, एक यशस्वी झाल्यावर दुसरी कशाला?"

शिवराजने ओळ काढून टाकली. त्याच्या कंत्राटाचं नूतनीकरण साहेबांच्याच टेबलावर होतं.

शुक्रवारी सव्वापाचला निकाल लागला: उभय पक्षांनी सामंजस्य दाखवावं, पुढील तारीख सोमवार. इंद्रायणीची जागा पंधरा मिनिटांपूर्वी गेली होती. मायलेकी एसटी स्टँडकडे गेल्या. खिडकीपुढच्या रांगेतून हे सगळं पाहताना मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

त्या रागात ही हकीगत मी आठदहा चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना सांगितली. सगळे हळहळले, व्यवस्थेला भरपूर शिव्या घातल्या. त्या पोरीचं पुढं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. शिवराजचा फोन नंबर मात्र प्रत्येकाने मागितला. तुम्हीही संकोच करू नका.